मेज बंद ठेवायचं असेल, तर वही नीट ठेवा

कॅथलिक लग्नाच्या मिस्सामध्ये (मुख्य उपासनेत) भाकर घ्यायला ओळ लागली की वडोदऱ्यात हमखास एक गोष्ट घडते. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडून आलेली नवऱ्याची मराठी मित्रमंडळी, ऑफिसातले गुजराती सहकारी, शेजारच्या काकू, सगळे आदराने उठून ओळीत उभे राहतात. उजवा हात वर, डावा खाली, देवळात तीर्थ घेताना धरतो तसा. फादरना बऱ्याचदा त्या हातांवरूनच कळतं, कारण जिथे हातावर देतात तिथे सराईत कॅथलिक माणूस सहसा डावा तळहात वर धरतो आणि उजव्या हाताने ती गव्हाची पांढरी चकती उचलून तिथेच तोंडात घालतो. मग काही ठिकाणी फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, काही ठिकाणी नुसती मान हलवतात आणि पाहुणा ओशाळून परततो. गर्दीत चकती हातावर पडलीच, तर तो ती रुमालात बांधतो, घरी आईला द्यायला. कॅथलिकांच्या दृष्टीने हे सर्वांत गंभीर. पवित्र केलेली ही भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, ती तिथेच ग्रहण करायची असते. म्हणून कुणीतरी त्या पाहुण्याच्या मागे धावतं, आणि लग्नघरात नको तो प्रसंग उभा राहतो.

यात पाहुण्याचा दोष नाही. प्रसाद न मागता द्यायचा असतो आणि दिलेला नाकारायचा नसतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. त्यात हिंदीत मिस्साच्या या भागाला ‘परमप्रसाद’च म्हणतात. शिवाय मराठी मनात पंगतीची आठवण खोल आहे. कोण कुणाच्या पंगतीला बसतो यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं तोलली गेली. एखादी मंडळी (चर्चचा स्थानिक समाज) ‘हे मेज फक्त आमच्या सभासदांसाठी’ म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याला पंगतभेदच ऐकू येतो. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, आणि बायबलमधली वचनं तोंडावर फेकून त्याचं उत्तर देता येत नाही. मंडळी रोजचं काम कसं करते यातूनच ते द्यावं लागतं.

माझं मत आधीच सांगतो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या या विधीच्या, मेजाला मर्यादा असावी. पण ती घालण्याचा अधिकार त्याच मंडळीला आहे, जिची सभासद-नोंद चोख आहे, जिचे पाळक (धर्मगुरू) आणि पंच (कारभार पाहणारे सभासद) भोजनाआधी घरोघर जातात आणि जी आपला नियम आधी जाहीर करते. जिथे वही नाही तिथे मेज चेहरे पाहून बंद होतं, आणि मग त्याच्यात व जुन्या पंगतीत काही फरक उरत नाही.

मर्यादा तीन जागी पडते आणि लोक या तिन्हींची गल्लत करतात. सर्वांत बाहेरची बाप्तिस्म्याची: बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही बोलवायचं. मधली पंथाची: आपल्या श्रद्धेच्या आणि आपल्या धर्मगुरूंच्या अधिकाराखालच्या लोकांनाच. सर्वांत आतली स्थानिक मंडळीची: याच वहीत नाव असेल तरच. पहिली मर्यादा फार जुनी आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या डिडाखे या नियमावलीत प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा झालेल्यांखेरीज कुणी हे भोजन घेऊ नये, असं स्पष्ट आहे. इ.स. 155 च्या सुमारास रोमध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने तीन अटी नोंदवल्या: शिकवण खरी मानणं, बाप्तिस्मा आणि ख्रिस्ताने सांगितल्याप्रमाणे जगणं. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना भोजनाआधी बाहेर पाठवत. पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेच्या उपासनेत ‘दारं, दारं!’ ही सूचना आजही आहे. दार सांभाळणाऱ्यांना दिलेली ती जुनी आज्ञा.

मधली मर्यादा कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स पाळतात. 1983 च्या कॅथलिक धर्मविधीसंहितेतला 844 वा नियम मुळातून समजून घेण्यासारखा आहे, कारण ‘फादर कुणालाच देत नाहीत’ ही ऐकीव गोष्ट त्याने खोटी ठरते. सर्वसाधारण नियम असा की कॅथलिक धर्मगुरूने कॅथलिकांनाच द्यावं. ऑर्थोडॉक्ससारख्या पूर्वेकडच्या मंडळ्यांच्या सभासदाने स्वतःहून मागितलं आणि त्याची तयारी योग्य असेल तर देता येतं. इतर ख्रिस्ती लोकांसाठी दार बरंच अरुंद आहे: मरणाचा धोका किंवा बिशपांच्या मते तशीच गंभीर गरज, आपल्या पाळकाकडे जाणं अशक्य, मागणी स्वतःची, या संस्काराविषयी कॅथलिक श्रद्धा मान्य, आणि योग्य तयारी. लग्नाला आलेली मेथडिस्ट आत्या यात बसत नाही. अतिदक्षता विभागातली आत्या कदाचित बसेल. कॅथलिक असलेल्यालाही मोकळीक नाही: आधी एक तास उपवास, आणि गंभीर पापाची जाणीव असेल तर पापनिवेदन केल्याशिवाय पुढे यायचं नाही. ऑर्थोडॉक्स मंडळीत आदल्या मध्यरात्रीपासून उपवास असतो.

वडोदऱ्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांची अडचण ही की एका घरात तीन परंपरा नांदतात. माहेर नगरचं (आताचं अहिल्यानगर), चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं; सासर फत्तेगंजातलं, मेथडिस्ट; जाऊ कॅथलिक; आणि एखादे काका मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत). चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन झालं: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट आणि डिसायपल्स. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या क्षणी बाहेर राहिले. तीच आजची मेथडिस्ट चर्च इन इंडिया. म्हणजे फत्तेगंजातले मेथडिस्ट आणि नगरचे सभासद कागदावर वेगळ्या मंडळ्यांचे. व्यवहारात मात्र ते एकमेकांच्या मेजावर सहसा बसतात. मार थोमा मंडळीशी तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची पूर्ण सहभागिताच आहे.

मुक्तिफौजेच्या काकांचा प्रश्न खरा अवघड. या फौजेने 1883 पासून प्रभुभोजन आणि पाण्याचा बाप्तिस्मा दोन्ही थांबवले. आणंदला त्यांचं एमरी हॉस्पिटल आहे, नगरला इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल. गुजरातेत आणि महाराष्ट्रात त्यांची माणसं भरपूर. मग तीस वर्षं झेंड्याखाली सेवा केलेला माणूस बाप्तिस्म्याच्या अटीवर अडतो. पुष्कळ पाळक डोळेझाक करतात. मला ते पटत नाही; अट असेल तर ती प्रेमाने सांगावी, आणि काकांना हवं असेल तर बाप्तिस्म्याची वाट दाखवावी. पण त्यांना ‘ख्रिस्ती नाही’ म्हणणारा पंच असेल, तर आधी त्यालाच मेजापासून थांबवावं लागेल.

सर्वांत आतली, वहीची मर्यादा काही बॅप्टिस्ट गटांत आणि काही ब्रदरन सभांत (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलेले ब्रदरन वेगळे) आढळते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या लँडमार्क बॅप्टिस्टांनी तिला टोक आणलं: शेजारच्या गावच्या बॅप्टिस्टानेही या मेजावर बसू नये. त्यांचा युक्तिवाद हलका नाही. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दुराचारी भावाबरोबर जेवूही नका असं म्हटलंय. आता ज्याच्यावर आपला काही अधिकारच नाही, त्याला मंडळी शिस्त कशी लावणार? म्हणून शिस्तीची हद्द तीच मेजाची हद्द. तर्क सरळ आहे. पण त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात एक भाकर आणि एक शरीर आहे, आणि ते शरीर एका गावाच्या वहीत मावत नाही. पौलाचा अकराव्या अध्यायातला राग तर निराळ्याच लोकांवर आहे: श्रीमंत आधी येऊन खातात, पितात, आणि गरीब उपाशी राहतात. ‘शरीर न ओळखता’ खाणं-पिणं म्हणजे काय, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. पण तिथे ज्यांना ठपका बसला ते मंडळीचे सभासदच होते. वहीत नाव असणं त्यांच्या कामी आलं नाही.

शिवाय यहूदा आहे, प्रभूला धरून देणारा शिष्य. लूकच्या बाविसाव्या अध्यायात भाकर आणि प्याला दिल्यानंतर प्रभू म्हणतो की धरून देणाऱ्याचा हात याच मेजावर आहे. उघड मेजवाले हा पुरावा नेहमी काढतात. बंद मेजवाले योहानाच्या तेराव्या अध्यायाकडे बोट दाखवतात, तिथे यहूदा उठून रात्रीत निघून जातो. या वादाचा निकाल लागणार नाही, म्हणून मी त्यावर फार वेळ घालवत नाही.

भारतात या विषयाला आणखी एक किनार आहे, आणि ती लपवणं अप्रामाणिक ठरेल. दक्षिणेतल्या मंडळ्यांत उच्च जातीतून आलेले ख्रिस्ती प्याल्याला आधी ओठ लावत, इतर नंतर. बसायच्या जागाही वेगळ्या. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्रक काढून हा भेद तत्काळ आणि कायमचा सोडायला सांगितलं. पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले, तरी हुकूम मागे घेतला गेला नाही. ज्या मंडळीत हा इतिहास ठाऊक आहे, तिथे पंच मंडळी ‘ओळखीचा-अनोळखी’ असा भेद करण्याआधी दोनदा विचार करतात.

मर्यादा राबवायची कशी, याचं सर्वांत बोलकं उदाहरण स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांचं. सोळाव्या शतकापासून तिथे प्रभुभोजनाची नाणी असत: शिशाचा छोटा तुकडा, चौकोनी किंवा गोल, त्यावर गावाची आद्याक्षरं, कधी साल. भोजन वर्षातून एकदोनदाच. त्याआधी मंडळीचे वडीलधारे घरोघर जाऊन विचारपूस करत: शिकवण येते का, शेजाऱ्याशी भांडण आहे का, कुणाचं देणं बुडवलंय का. समाधान झालं की ते नाणं हातात पडे आणि भोजनाच्या दिवशी मेजापाशी ते परत घेतलं जाई. उपदेशात पाळक कोणकोणत्या लोकांनी मेजापाशी येऊ नये हे स्पष्ट सांगे; त्याला मेजाला कुंपण घालणं म्हणत. आयर्लंडमध्येही हीच रीत होती, आणि 1841 मध्ये काठेवाडात आलेलं मिशन आयरिश प्रेस्बिटेरियनांचंच. गुजरातेतल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं एक मूळ तिथे आहे. आज उघड्या मेजासाठी ओळखले जाणारे मेथडिस्टसुद्धा एके काळी दर तिमाहीला सभासदांना वर्गाचं (सभासदांच्या छोट्या गटाचं) तिकीट देत. 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनाग्रंथात तर ज्याला भोजन घ्यायचं त्याने निदान आदल्या दिवशी पाळकाला नाव कळवावं, आणि एकमेकांशी वैर धरलेल्यांना समेट होईपर्यंत थांबवावं, अशी सूचना आहे.

या सगळ्या पद्धतींत चौकशी मेजाच्या आधी, घरात होते. नाणं मिळणार नसेल तर ते माणसाला चुलीजवळ बसून कळतं, दोनशे लोकांसमोर नाही. आपल्या मंडळ्यांत नेमकी ही पायरी गळाली आहे. कुंपण उरलं, भेट गेली.

आता वही. सहभागी सभासदांच्या नोंदवहीत किमान इतके रकाने हवेत: पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख आणि ठिकाण, दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा स्वतः जाहीर करण्याच्या विधीची) तारीख, सभासदत्वाचा दाखला कुठून आला, कुठे गेला, शिस्त लागली (भोजनापासून थांबवलं) ती तारीख व कारण, उठली ती तारीख, मृत्यू. शिस्तीचं कारण वेगळ्या बंद वहीत ठेवा आणि मुख्य वहीत फक्त त्या नोंदीचा क्रमांक लिहा. नाहीतर पुढचा सेक्रेटरी बदलला की घराघरांत चर्चा सुरू होते. वर्षातून एकदा पाळक आणि पंचांनी पहिल्या नावापासून शेवटपर्यंत वही मोठ्याने वाचावी. दोन तास लागतात. या वाचनात दरवेळी त्याच चुका सापडतात: वारलेल्यांची नावं, लग्न होऊन सुरतेला गेलेली मुलगी अजून इथेच, इथे आलेली सून कुठेच नाही, आणि दृढीकरण झालेल्या मुलांची पानं कोरी.

सर्वांत घातक चूक म्हणजे वर्गणीची यादी आणि सहभागी सभासदांची यादी एक करणं. वर्गणी थकली म्हणून मतदानाचा हक्क थांबवायचा की नाही, हा संस्थेच्या नियमांचा प्रश्न. पण पैसे थकले म्हणून प्याला थांबवणं हे पौलाने करिंथात जे पाहिलं त्याचंच दुसरं रूप आहे. दोन वह्या, दोन कपाटं, शक्य असेल तर दोन माणसं.

दाखल्याचंही तसंच. तात्पुरता दाखला प्रवासासाठी, कायमचा स्थलांतरासाठी. दोन्हींवर नाव, बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या तारखा, ‘प्रभुभोजनात सहभागी असून कोणत्याही शिस्तीखाली नाही’ असं वाक्य, पाळकांची सही, शिक्का आणि तारीख. कायमचा दाखला स्वीकारला की नव्या मंडळीने पोच पाठवावी, आणि पोच आल्यावरच जुन्या मंडळीने नाव कमी करावं. हा क्रम उलटला की माणूस दोन्ही वह्यांतून गळतो. शिस्त टाळण्यासाठी दाखला घेऊन दुसरीकडे जाण्याचे प्रकारही होतात. त्यावर उपाय एकच, पाळकाने पाळकाला फोन करणं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नये. ब्रदरन सभांमध्ये हीच गोष्ट शिफारसपत्राने होते. पौलाने रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात फिबीसाठी लिहिलं तशी. पत्र नसलेला पाहुणा तिथे मागच्या रांगेत बसतो आणि भाकर मोडताना फक्त पाहतो. पाहुण्याला पत्र कोणत्याही रविवारी लागतं, कारण भोजनही दर रविवारी असतं.

तुम्ही दुसऱ्या गावाहून वडोदऱ्याला येणार असाल, तर शुक्रवारपर्यंत त्या मंडळीच्या पाळकांना फोन करा आणि सरळ विचारा: ‘मी अमुक मंडळीचा सभासद आहे, रविवारी भोजन आहे का, मला घेता येईल का?’ उत्तर ‘नाही’ असं आलं तर वाद घालू नका. जा, उपासनेला बसा, भोजनाच्या वेळी जागेवर राहा. जागेवर बसणं म्हणजे मंडळीतून बाहेर पडणं नव्हे. कितीतरी कॅथलिक स्वतःच्या मंडळीत पापनिवेदन राहिलं म्हणून बसून राहतात. काही ठिकाणी हात छातीवर दुमडून आशीर्वादासाठी पुढे येण्याची पद्धत आहे. ती सगळीकडे नाही, म्हणून ओळीत उभं राहण्याआधी विचारा.

मिश्र लग्नासाठी सल्ला स्पष्ट आहे: वर किंवा वधू कॅथलिक आणि दुसरी बाजू प्रोटेस्टंट असेल, तर मिस्साशिवायचा विवाहविधी मागा. कॅथलिक मार्गदर्शनातही अशा लग्नासाठी तीच सर्वसाधारण रीत आहे. वचनं, अंगठ्या, प्रार्थना, आशीर्वाद सगळं होतं, आणि अर्धं लग्नघर ओळीत व अर्धं बाकावर असं दृश्य टळतं. मिस्सा ठेवायचीच असेल, तर पत्रिकेसोबतच्या कार्यक्रमपत्रकात नियम छापा आणि वाटप सुरू होण्याआधी मराठी आणि गुजराती दोन्हींत सांगा. मजकूर साधा हवा: ‘आता कॅथलिक श्रद्धाळू ख्रिस्तशरीर ग्रहण करतील. हा प्रसाद सर्वांना वाटण्याची आमच्यात प्रथा नाही, यात कुणाचाही अनादर नाही. इतर सर्व पाहुण्यांनी जागेवर बसून वधूवरांसाठी प्रार्थना करावी.’ ‘अनादर नाही’ हे शब्द गाळू नका. आपल्या लोकांना तेच ऐकायचं असतं.

मर्यादा कुठे आहे यावर तयारीही ठरते. छोट्या प्याल्यांचा नेहमीचा ट्रे चाळीस जणांचा. वहीत 110 सहभागी सभासद असतील आणि मेज वहीपुरतं असेल, तर तीन ट्रे पुरतात. बाप्तिस्मा झालेल्या सर्वांना बोलावणार असाल, तर डिसेंबरात आणि ईस्टरला चौथा ट्रे तयार ठेवा. परगावची पोरं, नातवंडं आलेली असतात. प्याल्यात 10 मिलीलिटर धरलं तर 120 जणांना सुमारे सव्वा लिटर लागतं.

गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे कॅथलिक चर्चांना मिस्साच्या द्राक्षारसासाठी कायद्याने ठेवलेल्या परवान्याचा मार्ग घ्यावा लागतो, कारण त्यांच्या नियमात खरा द्राक्षारसच हवा. मेथडिस्ट परंपरेत न आंबवलेला रस चालतो, म्हणून घरगुती सोय होते: अर्धा किलो काळ्या मनुका धुऊन दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी पंधरा मिनिटं उकळायच्या, कुस्करायच्या, मलमलीतून दोनदा गाळायच्या. साधारण दीड लिटर रस मिळतो. एकदाच गाळला तर तळाशी गाळ बसतो आणि शेवटच्या ओळीच्या प्याल्यांत तो उतरतो. मे महिन्यात हा रस शनिवारी करून बाहेर ठेवू नका. वडोदऱ्याच्या उकाड्यात रविवारपर्यंत त्याला बुडबुडे येतात. शनिवारीच करायचा असेल तर गार होताच फ्रिजमध्ये, झाकणबंद काचेच्या बरणीत.

आणि शिस्तीखाली असलेल्यांची नावं भोजनाच्या आठवड्यात वहीतून पुन्हा काढा. मुदत संपली असेल किंवा समेट झाला असेल, तर पाळकांनी शनिवारच्या आत त्या घरी जावं, शिस्त उठल्याची तारीख त्या माणसासमोरच लिहावी आणि रविवारच्या मोजणीत एक प्याला वाढवावा.